टायरचा भाव सारोंगखाली

टायरच्या कुशीला टेंगूळ आलं होतं आणि स्याम्सिनार मनातून खूश होती.

तिने वाकून ते टेंगूळ चाचपलं. कोंबडीच्या अंड्याएवढं, गुळगुळीत, ताठ. तिच्या टपरीवर कॉफीच्या पानांचा चहा प्यायला बसलेले सगळे पुरुष हातातल्या करवंट्या तशाच घेऊन गाडीभोवती जमले होते आणि मयताला आल्यासारख्या माना हलवत होते. एक म्हणाला, आज फुटेल. दुसरा म्हणाला, उतारावर फुटेल. तिसऱ्याला काही सुचलं नाही, म्हणून त्याने टायरला लाथ मारून पाहिली.

"मारा, मारा लाथा," स्याम्सिनार म्हणाली. "माझा टायर वॉरंटीचा आहे. फुटला तर कंपनी दुसरा देते. तुमचा फुटला तर तुम्हाला कोण देणार, सासू?"

हशा पिकला. लाथ मारणाऱ्याने पाय आवरता घेतला.

जुनी किजांग गाडी तिची होती. घर तिचं, भाताची खाचरं तिची, टपरी तिची, तशी गाडीही तिची. आईकडून लेकीकडे जाणाऱ्या मालमत्तेत पुरुषांनी फार बोलायचं नसतं हे गावात सगळ्यांना ठाऊक, पण टायर घ्यायची वेळ आली तेव्हा गावातल्या एकूण एक पुरुषाला बोलायचं होतं. जुने घे, स्याम. जुन्यावर नवी नक्षी कोरून देतात ते घे. कंपनीचं नाव पाहून पैसे टाकू नकोस. वॉरंटी म्हणजे काय, तर टायर विकताना मारलेली फुंकर.

स्याम्सिनार शाळेत जेमतेम दुसरी शिकली होती. तिसरीत गुरुजींना उलट बोलली म्हणून घरी आली ती आलीच. पण दारविसच्या टायरच्या दुकानात भिंतीवर लावलेला कंपनीचा कागद तिने लेकीकडून वाचून घेतला होता, आणि त्यातलं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रस्त्यावरच्या दगडा-खड्ड्याने टायर बिघडला तर कंपनी बदलून देते. आता या डोंगरातल्या रस्त्यावर दगडा-खड्ड्याशिवाय दुसरं आहे काय? तिला तो कागद खास तिच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला होता.

म्हणून तिने पुढचे दोन टायर नवे, वॉरंटीचे घेतले. आणि तेव्हापासून ती टेंगळाची वाट पाहत होती म्हटलं तरी चालेल.

"दगड कुठे लागला?" तिने विचारलं. तिने विचारलं ते अंगणातल्या लाल कोंबड्याला. जावयाला सासूने थेट टाकून बोलायची आमच्याकडे रीत नाही. जावई पाहुणा. त्यामुळे गाडी हाकणाऱ्या जावयाला, रिझालला, जे काही बोलायचं ते ती कोंबड्याला बोलायची, आणि कोंबडा बिचारा या घरात फार शिव्या खाऊन मोठा झाला होता.

"तळ्याकडून येताना, वळणावर," रिझाल कोंबड्याच्या वतीने सासूआईला म्हणाला. "वरून घरंगळून आला होता, अमाक. सूर्य डोळ्यांवर होता."

"सूर्य रोजच असतो," ती कोंबड्याला म्हणाली. "पण असू दे. दगड चांगला होता."

रिझालला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

रविवारी धाकट्या लेकीचा नवरदेव आणायला जायचं होतं. आमच्याकडे नवरा नवरीच्या घरी येतो आणि त्याला आणायला नवरीकडची माणसं जातात; सर्वांत पुढे नवरीचा मामाक, आईचा भाऊ. तेव्हा गाडी धडधाकट हवी होती. पण नुसती गाडी रस्त्याला लागावी एवढंच स्याम्सिनारला नको होतं. स्टेपनीवरही गाडी गेली असती. तिला कंपनीने दिलेला नवा कोरा टायर हवा होता. चहाच्या करवंट्या घेऊन हसणाऱ्या या सगळ्यांच्या नाकासमोरून तो फिरत जायला हवा होता.

दारविसला फोन लावला. तो म्हणाला, कंपनीची तपासनीस बाई पाडांग शहरातून आज येते आहे, आजच या. नंतर ती महिनाभर फिरकत नाही.

"बुयुंग!" स्याम्सिनारने हाक मारली. "ऊठ. चल."

बुयुंग म्हणजे पोरगा. ज्याला तिने ही हाक मारली त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, त्याला नातवंडं होती, आणि गुरुवारच्या गुरांच्या बाजारात तो आला की दलाल उठून जागा करत. बुस्तामी तिचा धाकटा भाऊ. टायर त्यानेच आणले होते. म्हणजे पैसे तिचे, वॉरंटीचा हट्ट तिचा, पण सौदा त्याचा.

आणि काय तो सौदा! गावात अजून त्याच्या गोष्टी चालत. गुरांच्या बाजारात आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर खांद्यावरचं सारोंगचं कापड टाकतात, आणि आत बोटांनी बोलतात. हे बोट धरलं की इतके, ते पिळलं की तितके कमी. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो, आणि दोघांच्याच पोटात राहतो. बुस्तामी बैल असाच घ्यायचा, म्हशी अशाच घ्यायचा, आणि टायरही त्याने असेच घेतले. भर दुकानात त्याने दारविसचा हात धरला, खांद्यावरचं सारोंग त्याच्यावर टाकलं, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि टायर घेऊन आला. "आडवा पाडला दारविसला," एवढंच तो घरी येऊन म्हणाला. भाव मात्र सांगितला नाही. सांगायचा नसतोच. स्याम्सिनारने त्याला जेवढे पैसे दिले होते, 'याच्यावर एक रुपिया नाही' असं बजावून, तेवढ्यातच दोन्ही टायर आले होते. यावरूनच समजायचं.

तिने ते समजून घेतलं, आणि गावालाही समजावलं. माझा भाऊ टायरवाल्यालासुद्धा बैलासारखा दात बघून पारखतो.

आज मात्र गाडीत पुढच्या सीटवर बसलेला बुस्तामी बोलत नव्हता. वाटेत दोन चांगल्या गाई दिसल्या, त्यांच्याकडेही त्याने पाहिलं नाही.

"पोट बिघडलंय का?" स्याम्सिनारने मागून विचारलं.

"नाही, उनी," त्याने ताईला सांगितलं.

"मग तोंड असं का? टायर फुगलाय, तू का फुगतोस?"

"टायर घ्यायचा कशाला परत?" तो म्हणाला. "स्टेपनी आहे की. चांगली आहे स्टेपनी."

तिने खिडकीला सांगितलं की काही लोकांना म्हातारपणी वारं लागतं, आणि रिझालने गाडी जरा जोरात हाकली.

दारविसच्या दुकानात कंपनीची बाई आलेली होती. तिऊर्मा तिचं नाव, उत्तरेच्या मेदानकडची, बटाक लोकांतली. केस मागे घट्ट बांधलेले, हातात रबरी मोजे, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या केळीवालीलाही टायरची तब्येत कळावी. स्याम्सिनारला ती पाहताक्षणी आवडली. हळू बोलणाऱ्या माणसांवर तिचा विश्वास नव्हता.

तिऊर्माने टायर उतरवून घेतला, आतून बाहेरून फिरवला, बॅटरी मारली, नक्षीच्या खाचेत सळई घालून किती झिजलाय ते पाहिलं.

"पंक्चर काढलंय का कधी?"

"नाही."

"हवा कमी ठेवून चालवलाय?"

"माझ्या घरात काही कमी ठेवत नाहीत," स्याम्सिनार म्हणाली.

तिऊर्मा हसली. "दिसतंय ते. आतलं रबर चांगलं आहे. हा दगडाचाच मार आहे, इबू. एकच दणका, जोरात. आतला दोरा तुटला आणि हवेने कूस वर ढकलली. वॉरंटीत बसतंय."

स्याम्सिनारने मागे वळून पाहिलं. कौतुकाने पाहायला कोणी आहे का म्हणून. रिझाल होता. तिने दुकानाच्या शटरला ऐकवलं, "बसतंय म्हणे."

"फक्त वॉरंटीचं कार्ड दाखवा," तिऊर्मा म्हणाली.

कार्ड दारविसने पुढे केलं, पण असं, की जणू ते त्याचं नव्हेच. टायरचा नंबर लिहिलेला, तारीख लिहिलेली, दुकानाचा शिक्का. एक चौकट कोरी.

"किंमत कुठे आहे?" तिऊर्मा म्हणाली. "किंमत नसेल तर मी पास करू शकत नाही. टायर जेवढा झिजलाय तेवढा भाग गिऱ्हाइकाचा, उरलेला कंपनीचा. आता हा भाग कशाचा काढू? दारविस, तुम्ही तर जुने दुकानदार. चौकट कोरी का सोडलीत?"

दारविसने बुस्तामीकडे पाहिलं. बुस्तामीने छताकडे पाहिलं.

"आमचा शब्द झालाय," दारविस शेवटी म्हणाला. "सारोंगखाली. भाव ओठांवर येणार नाही म्हणून. मी एकटा कसा मोडू? बुस्तामीने मोकळं केलं तर लिहितो."

"बापाक," तिऊर्मा बुस्तामीला अदबीने म्हणाली, "ओठांवर नका आणू. कागदावर आणा."

"कागद तर ओठांपेक्षा वाईट," बुस्तामी म्हणाला. "ओठ मिटता तरी येतात."

हे वाक्य त्याने असं टाकलं की दुकानात टायर बदलायला आलेली दोन माणसं जवळ सरकली. आमच्याकडे सरकतातच. हा टायरचा प्रश्न राहिला नव्हता, बोलण्याचा झाला होता.

"हे बघा," तिऊर्मा म्हणाली, "बैल असेल तर तुमची रीत. हा टायर आहे."

"शब्दाला शिंगं असतात की रबर, ते बघत नाहीत," बुस्तामी म्हणाला. "उनी, तूच सांग. मी आज इथे भाव बोललो, तर गुरुवारी बाजारात काय म्हणतील? बुस्तामी फुटला म्हणतील. उद्या कोण माझ्या सारोंगात हात घालणार? आणि रविवारी नवरदेवाच्या घरच्या वडीलधाऱ्यांसमोर पुढे कोण बसणार? फुटलेला मामाक?"

स्याम्सिनार पहिल्यांदाच पेचात पडली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भावाचं नाव गेलं तर ते एकट्याचं जात नाही. मामाकचं नाव म्हणजे घराचं नाव. पण टायर सोडला तर? घरी परत जायचं, स्टेपनीवर, आणि करवंट्या घेऊन बसलेल्यांना सांगायचं की वॉरंटी म्हणजे फुंकरच होती? तिने डोळे मिटून ते दृश्य पाहिलं आणि लगेच उघडले.

तेवढ्यात दारविस हळूच म्हणाला, "उनी स्याम, राहू दे ना कंपनी. मी देतो एक टायर. माझ्याकडून. लेकीच्या लग्नाचा आहेर समज."

आता मात्र स्याम्सिनार सावध झाली. दारविस चांगला माणूस होता, पण तो पंक्चरचा तुकडासुद्धा मापून कापायचा. तो फुकट टायर देतो म्हणाला, आणि बुस्तामीने एवढ्या मोठ्याने सुस्कारा टाकला की भिंतीवरचा कागद हलला. काहीतरी होतं.

"आहेर लग्नात आण, पाकिटात घालून," ती म्हणाली. "मला वॉरंटीचा टायर हवाय. बुयुंग, इकडे ये. ओठ नकोत तुला?"

"नकोत."

"कागद नको?"

"नको."

"बोटं तर चालतात ना? सौदा बोटांनीच झालाय. बोटाने सांगितलं तर शब्द कुठे मोडतो? कंपनीच्या बाईला बोटाने सांग. ती लिहील, कार्ड खिशात घालील, पाडांगला नेईल. इथे कोण वाचणार?"

जवळ सरकलेल्या दोघांनी माना डोलावल्या. बोलणं पटण्यासारखं होतं.

"तोबा!" बुस्तामी ओरडला. "परक्या बाईच्या हातात हात?"

"तुझ्या हातात हात द्यायला ती मोकळी बसली नाही. आरशात बघ जरा. तू मला दे. मी तुझी बहीण. मग मी तिला देते."

"तुला कुठे बोटं वाचता येतात?"

यावर स्याम्सिनार हसली, आणि तिचं हसू पाहून बुस्तामीचा चेहरा उतरला. "आपले अबाक तुला शिकवत होते तेव्हा तुला सहा आणि सात कळत नव्हते. रडायचास. कुणाच्या हातावर घोकलंस ते सगळं? शेजारणीच्या? काढ सारोंग."

त्याने काढलं. काय करणार? सगळे बघत होते. त्याने ते खांद्यावरून काढलं, उगाच झटकलं, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडलं. शेवटी तिने त्याचा हात ओढला आणि वर कापड टाकलं.

त्याचा तळवा घामाने भिजला होता.

"चल," ती म्हणाली.

त्याने पहिलं बोट धरलं. बरोबर. तिला अपेक्षित होतं तेच. मग दुसरं धरलं, आणि स्याम्सिनार थांबली. तिने आपल्या अंगठ्याने त्याचा हात टोकला. म्हणजे, पुन्हा सांग. त्याने पुन्हा तेच बोट धरलं. मग तिसरं. आता तो पिळेल, म्हणून ती थांबली. पिळलं की भाव उतरतो. तिने वाट पाहिली. त्याने पिळलं नाही. बोट नुसतं धरून ठेवलं, आणि भिंतीवरच्या टायरच्या चित्राकडे पाहत राहिला.

तिने दिलेल्या पैशांपेक्षा ते जास्त होतं. थोडं नव्हे, चांगलं जास्त. एका टायरमागे.

काही पाडलं नव्हतं याने. दारविस एका रुपियानेही हलला नव्हता. हा डोळे मिटून सारोंगखाली उभा राहिला होता, आणि उरलेले स्वतःच्या खिशातून घातले होते, कारण बहिणीने बजावलं होतं, याच्यावर एक रुपिया नाही. आणि गुरांच्या बाजारातला बुस्तामी टायरवाल्याशी हरून आला हे त्याला घरी सांगता आलं नव्हतं.

पहिल्यांदा तिला राग आला. चांगलाच आला. मेल्याने मला फसवलं, गावभर मी सांगत सुटले! मग तिला आठवलं, त्याच सुमाराला बुस्तामीने लवंगी सिगारेट सोडली होती. छातीत खवखवतं म्हणाला होता. आणि तिने चारचौघींत सांगितलं होतं की मी ओरडले म्हणून सुटली, नाहीतर कुठली सुटते. म्हणजे तेही श्रेय तिचं नव्हतं. सिगारेटचे पैसे टायरमध्ये गेले होते.

सारोंगखाली त्याचा हात अजून तिच्या हातात होता. लहानपणी सहा आणि सात चुकले की असाच ओला व्हायचा.

सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. दारविस तर दुकानाचा शिक्का उगाच पुसत होता. आता तिला त्याच्या फुकटच्या टायरचाही अर्थ कळला. या माणसाने इतके महिने गिऱ्हाइकांकडून ऐकून घेतलं असणार. बुस्तामीचा भाव आम्हालाही द्या म्हणून. आणि ओठ मिटून बसला होता.

स्याम्सिनारने मान वर केली.

"अरे चोरा," ती मोठ्याने भावाला म्हणाली, "इतका पाडलास? दारविसला पोरंबाळं आहेत की नाही?"

जवळच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बुस्तामीने चित्रावरची नजर काढून बहिणीकडे पाहिलं. त्याच्या मिशा थरथरल्या. दारविस खोकला, आणि मग बराच वेळ खोकतच राहिला.

"ये गं पोरी," स्याम्सिनार तिऊर्माला म्हणाली. "मोजे काढ. रबराने भाव कळत नाही."

तिऊर्माने मोजे काढले. तिला हा सगळा खेळ एव्हाना फार आवडला होता. "पण मला कुठे येतं हे?"

"बैलांना येतं, तुला का येणार नाही? हे बघ, हे बोट इतके. हे इतके. धरलं की धरलं, पिळलं की वजा. तोंडाने हूं का चूं करायचं नाही."

सारोंग दोघींच्या हातांवर पडलं. पहिलं बोट. तिऊर्माने मान हलवली. दुसरं. मान हलवली. तिसरं. स्याम्सिनारने धरलं, आणि पिळलं नाही.

"बाह!" तिऊर्माचा तो आवाज दुकानभर घुमला. "पण इबू, ही तर आमची छापील—"

पुढचा शब्द आला नाही, कारण सारोंगखाली स्याम्सिनारने तिची चारही बोटं अशी आवळली की नारळ फुटावा. उभा जन्म नारळ खवलेला हात तो.

"आई गं!"

"काय म्हणत होतीस, पोरी?" स्याम्सिनारने गोड आवाजात विचारलं. तिचा गोड आवाज तिच्या लेकींनीही क्वचितच ऐकला होता.

तिऊर्माने तिच्याकडे पाहिलं. मग बुस्तामीकडे पाहिलं. तो कुठे जावं ते न कळलेल्या बैलासारखा उभा होता. मग खोकणाऱ्या दारविसकडे. मुलगी हुशार होती. दिवसभर माणसं तिला टायरबद्दल खोटं सांगत, तिला खोटं कशासाठी बोललं जातं ते ओळखता येत होतं.

"मी म्हणत होते," ती म्हणाली, तिच्या त्या रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात, "असा भाव मी आजवर कुठेच ऐकला नाही."

हे तर खरंच होतं. छापील किंमत पुरी मोजणारं गिऱ्हाईक कुठे भेटतं?

तिने पाठ फिरवून, कार्डावर हात आडवा धरून चौकट भरली, दारविसकडून सही घेतली, स्याम्सिनारकडून अंगठ्याऐवजी तिची ती मोठाली वेडीवाकडी सही घेतली आणि कार्ड पिशवीच्या तळाशी घातलं. मग बोटं झाडत म्हणाली, "पास. नवा टायर आजच बसवा."

झिजलेल्या भागाचा हिशेब झाला तेव्हा स्याम्सिनारने कमरेची पुरचुंडी काढली आणि पैसे मोजून दिले. रिझालने हे पाहिलं आणि त्याला घाबरल्यासारखं झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूने घासाघीस न करता काही दिलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

नवा टायर चढला. काळाकुळकुळीत, रबरी केस अजून अंगावर असलेला. स्याम्सिनारने त्यावरून हात फिरवला. तिऊर्माला तिने रविवारच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, आणि ते आमंत्रण असं दिलं की नाही म्हणायची सोय ठेवली नाही. "रेड्याचं रेन्दांग मी स्वतः करते. मेदानला असलं मिळत नाही." तिऊर्मा म्हणाली, मेदानलाही मिळतं. स्याम्सिनार म्हणाली, "मिळतं ते मांस. ये तू."

परतीच्या वाटेवर उजवीकडे भाताची खाचरं पिवळी पडत आली होती आणि गाडी चारही पायांनी नीट चालत होती. रिझालला राहवलं नाही.

"मामाक," तो म्हणाला, "एकदा तरी सांगा ना, किती पाडलात? मी कुणाला सांगत नाही."

मागून स्याम्सिनार खिडकीला म्हणाली, "काही लोकांनी रस्त्यावर लक्ष ठेवावं. दगड अजून आहेत."

बुस्तामीची मान पुढे ताठ होती. तो वाट पाहत होता, तिला ते पाठीवरूनच कळत होतं. लहानपणीही काही फोडलं की असाच पाठ करून बसायचा. मार कधी पडतो याची वाट पाहत. तिला बोलायला शंभर गोष्टी सुचत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या फार चांगल्या होत्या. वाया घालवायला जिवावर येत होतं. तरी तिने त्या गिळल्या. एक तेवढी ठेवली.

"बुयुंग."

"काय, उनी?"

"लग्नाचा रेडा बघायचाय उद्या. तूच जा. पैसे देते."

"बरं."

"आणि कमी पडले तर माग," ती म्हणाली. "तोंडाने माग."

बुस्तामीने मागे वळून पाहिलं नाही. पण त्याची मान सैल झाली, खांदे खाली आले, आणि त्याने खिडकीची काच उतरवली. पुढच्या वळणावर कडेला एक लाल गाय चरत होती. "खुर वाईट आहेत हिचे," तो म्हणाला. मग पुढच्या गावापर्यंत तो गाईंच्या खुरांबद्दलच बोलत राहिला, आणि स्याम्सिनारने त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

टपरीसमोर गाडी थांबली तेव्हा करवंट्यावाले अजून होतेच. त्यांना दुसरं काम नव्हतं. ते उठून आले. नवा टायर पाहिला. कुणी लाथ मारली नाही.

"कंपनीने दिला?" एकाने विचारलं.

"नाही, झाडाला लागला होता," स्याम्सिनार म्हणाली. तिने बाह्या वर केल्या, चुलीत लाकूड सारलं आणि चहाच्या हंड्यावरचं झाकण काढलं. "आणि बुस्तामीचा भाव ऐकून कंपनीची बाई दुकानात किंचाळली. रस्त्यापलीकडच्या केळीवालीला विचारा. बसा आता. चहा घ्या. बुयुंग, तुला केळ्याची भजी देऊ की नुसता चहा?"

"भजी," बुस्तामी म्हणाला. "दोन दे."

तिने चार दिली.